संगणक आणि इंटरनेट शेतकऱ्याच्या दारी : काय घ्यावे, काय टाळावे



आपल्या कार्यक्रमाकडे जी पत्रं येतात, त्यांत पूर्वी बियाणं, खत, कीड आणि कर्ज यांचेच प्रश्न असत. ते आजही असतात. पण आता त्यांच्या जोडीला नव्या तऱ्हेचे प्रश्न येऊ लागले आहेत. "मोबाइलवर अमुक औषध सांगितलंय, मारू का?" "ऑनलाइन सातबारा बँक धरते का?" "हप्ता जमा झाला असा मेसेज आला, त्यावर बोट लावलं आणि खात्यातले पैसे गेले. आता काय करू?" या सगळ्या प्रश्नांना मिळून एक उत्तर देण्याचा प्रयत्न या पत्रकात केला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. मी संगणकाच्या विरुद्ध नाही. माझं निम्मं काम त्यावरच चालतं. पण याच साधनानं माझ्या हातून एक नुकसानही झालेलं आहे. तेही या पत्रकात सांगणार आहे, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगायचं तर आधी आपली चूक कबूल करावी.

संगणक म्हणजे काय, इंटरनेट म्हणजे काय

संगणक म्हणजे हिशेब करणारं आणि नोंदी ठेवणारं यंत्र. तुमच्या खिशातला मोठ्या पडद्याचा मोबाइल हाही एक लहान संगणकच आहे. हे यंत्र थकत नाही, विसरत नाही, आणि लाख नोंदींतून हवी ती नोंद क्षणात काढून देतं. पण त्याचा स्वभाव पिठाच्या गिरणीसारखा आहे. ज्वारी घातली तर ज्वारीचं पीठ मिळतं. ज्वारीत खडा राहिला असेल तर पिठात कचकच येते. गिरणी काही खडा वेचून काढत नाही.

इंटरनेट म्हणजे असे जगभरचे संगणक एकमेकांना जोडणारं जाळं. आपल्याला समजेल असं सांगायचं तर कालव्यासारखं. मोठा कालवा, त्यातून वितरिका, त्यातून चारी, आणि चारीतून आपल्या वाफ्यात पाणी. मात्र पाटाच्या पाण्याबरोबर तणाचं बी पण वाहत येतं, हे पाणी देणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून कोणी पाणी घ्यायचं सोडत नाही. पाणी घ्यायचं आणि तणावर नजर ठेवायची. इंटरनेटचंही तसंच आहे.

हे आपल्या राज्याला नवीन नाही

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १९९५ साली सुरू झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ साली, वारणानगर परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्रातून पीक सल्ला, बाजारभाव, शिक्षण असं बरंच काही मिळावं, अशी कल्पना होती. पण ऊस उत्पादक तिथे मुख्यतः एकाच कामासाठी येत राहिला: माझा ऊस किती टन भरला आणि बिल किती झालं, हे बघायला. पुढे काही वर्षांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर हेच काम करून पाहिलं, तर ते कमी खर्चात झालं.

यातून धडा काय घ्यायचा? यंत्र किती मोठं आहे, याला महत्त्व नाही. शेतकऱ्याच्या मनातल्या नेमक्या प्रश्नाला ते नेमकं उत्तर देतं का, हे महत्त्वाचं. "माझा ऊस किती भरला?" हा नेमका प्रश्न झाला. "शेती कशी करावी?" हा नेमका प्रश्न नाही. इंटरनेटला नेमकं विचारलं तर ते उपयोगी पडतं. मोघम विचारलं तर ते दिवसभर बोलत राहतं आणि आपली पाळी चुकते.

फायदे : ज्या कामात भरवसा ठेवावा

पहिला फायदा सातबाऱ्याचा. पूर्वी एका उताऱ्यासाठी तलाठ्याकडे दोन-तीन खेपा व्हायच्या. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) आज साहेब बैठकीला, उद्या दौऱ्यावर, असं व्हायचं आणि आपला मजुरीचा दिवस जायचा. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर मिळतो. एका उताऱ्याला १५ रुपये शुल्क आहे. हा उतारा बँकेत आणि सरकारी कामात चालतो, त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. याशिवाय फुकट पाहता येणारा सातबारा असतो, तो फक्त माहितीसाठी. तो बँकेत घेऊन जाऊ नये.

उतारा काढला की नुसता घडी घालून ठेवू नका. वाचा. नाव बरोबर आहे का? क्षेत्र बरोबर आहे का? 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय? कर्ज फेडून पाच वर्षं झाली तरी बोजा तसाच राहिलेला मी कितीतरी उताऱ्यांवर पाहिला आहे. वडील वारून गेले आणि वारसाची नोंद झालीच नाही, असंही असतं. या गोष्टी गरजेच्या दिवशी कळल्या तर पळापळ होते. घरबसल्या आधी बघता येतात, हा संगणकाचा खरा फायदा.

दुसरा फायदा ई-पीक पाहणीचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची पद्धत राज्यभर सुरू झाली. आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं. नोंद चुकली तर ४८ तासांच्या आत एकदा आपल्यालाच दुरुस्त करता येते. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ते टाळू नका. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माल न्यायचा तर सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद लागते. नुकसान भरपाई आणि पीक विम्याच्या वेळीही ती नोंदच बघितली जाते. रानात कापूस उभा आणि कागदावर जमीन पडीक, अशी वेळ येऊ देऊ नये.

तिसरा फायदा हवामानाचा. हवामान खात्याचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांसाठी सूचना असतात. 'मेघदूत' या अ‍ॅपवर तो आपल्या जिल्ह्यापुरता मराठीत बघता येतो. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावं, काढलेलं सोयाबीन रानात ठेवावं की झाकावं, हे ठरवायला त्याचा चांगला उपयोग होतो. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' हे अ‍ॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलं आहे. आपण उभे आहोत त्या भागात वीज पडण्याचा धोका असेल तर ते सूचना देतं. अशी सूचना आली, की अवजार खाली ठेवायचं आणि झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्यायचा. एवढं एक काम केलं तरी त्या मोबाइलचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

एक लक्षात ठेवा. अंदाज जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो. आपल्या बांधावर पाऊस पडेलच असं तो सांगत नाही. "अंदाज खोटा ठरला" म्हणून मोबाइल फेकून देऊ नये, आणि अंदाजावर विसंबून वाफसा नसताना पेरणीही करू नये. पेरणीसाठी ओल किती खोल गेली, हे हातानं माती उकरूनच बघायचं.

चौथा फायदा बाजारभावाचा. राज्याच्या पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या 'अ‍ॅगमार्कनेट' या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. त्यात तीन आकडे असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. आपली नजर जास्तीत जास्त भावावर जाते, आणि तिथेच फसायला होतं. तो भाव एखाद्याच्या निवडक चार पोत्यांना मिळालेला असू शकतो. आपण सर्वसाधारण भाव बघायचा आणि शेजारचा आवकेचा आकडाही बघायचा. आवक पंधरा-वीस क्विंटलच असेल तर त्या भावावरून काही ठरवू नये.

मग हिशेब मांडायचा. समजा, जवळच्या बाजारात सोयाबीनचा सर्वसाधारण भाव क्विंटलला ४,३०० रुपये आहे आणि लांबच्या बाजारात ४,५००. आपल्याकडे २० क्विंटल माल आहे. म्हणजे लांब गेलो तर ४,००० रुपये जास्त. पण गाडीभाडं ३,५०० रुपये जास्त पडलं, तर हाती राहिले ५००. त्यातच आपला दिवस, जेवणखाण आणि माल परत न्यावा लागला तर काय, याचा विचार. संगणक भाव सांगतो. परवडतं की नाही, हे आपणच बोटं मोजून ठरवायचं.

तोटे : जिथे सांभाळून पाऊल टाकावे

आता माझी गोष्ट सांगतो.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या भागात मिरचीवर फांद्या वाळण्याचा रोग दिसू लागला. रोज पंधरा-वीस फोन यायचे. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं, म्हणून मी गाडीवरून उतरून, रस्त्याच्या कडेला उभं राहून शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश टाकला. लिहायचं होतं, कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम, १० लिटर पाण्यातून. घाईत माझ्याकडून '१०' राहून गेलं. संदेश गेला, २५ ग्रॅम प्रति लिटर. म्हणजे दहापट.

तासाभरानं एका शिकलेल्या पोरानं फोन करून विचारलं, तेव्हा चूक लक्षात आली. मी लगेच तो संदेश पुसला आणि दुरुस्ती टाकली. मला वाटलं, संपलं. पण तोपर्यंत तो संदेश दुसऱ्या तीन गटांत गेला होता. त्या गटांत मी नव्हतो. तिथली चूक मला पुसता येत नव्हती आणि दुरुस्तीही तिथे पोहोचली नाही.

चौथ्या दिवशी एका गावातून फोन आला. एका मावशीची अर्ध्या एकराची मिरची होती. नवरा नाही, पोरगा बाहेरगावी कामाला, सगळा खर्च त्या मिरचीवर. मावशीकडे स्वतःचा मोबाइल नव्हता. भाच्यानं संदेश वाचून दाखवला आणि त्यांनी तंतोतंत तसंच केलं. पाच पंप मारले. मी गेलो तेव्हा शेंडे जळून काळे पडले होते, पानांच्या कडा करपल्या होत्या आणि फुलं गळून सरीत पडली होती.

मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुमच्याच नावानं आलतं ना ते? मग आमी कशाला इचार करावा?"

मला बोलायला तोंड राहिलं नाही. झाडं पूर्ण मेली नव्हती. पाणी देऊन, करपलेले शेंडे छाटून, हलकं खत देऊन महिन्याभरात नवी फूट आली. पण सुरुवातीचे दोन तोडे गेले ते गेलेच, आणि तेव्हाच भाव चांगला होता.

या गोष्टीतून तीन गोष्टी ध्यानात घ्या. एक, मोबाइलवर बरोबर सल्ला जितक्या वेगानं पळतो, तितक्याच वेगानं चुकीचाही पळतो. दुसरी, रेडिओवर चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच ऐकणाऱ्यांना दुरुस्ती सांगता येते. गटागटांतून पुढे गेलेल्या संदेशाला मागे बोलावता येत नाही. तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: नाव ओळखीचं आहे म्हणून संदेश बरोबर असतोच असं नाही. तो माझा असला तरी. औषधाच्या डब्यावर आणि आतल्या घडीपत्रकावर मात्रा छापलेली असते. संदेशातली मात्रा तिच्याशी जुळत नसेल तर पंप भरू नका. आधी विचारा.

फोटोवरून रोग ओळखण्याचा मोह

दुसरा धोका निदानाचा. पानाचा फोटो काढून पाठवला, की लगेच औषधाचं नाव येतं. कधी दुकानातून, कधी व्हिडिओतून, आणि आता तर एआयकडून, म्हणजे प्रश्नाला आपल्या भाषेत उत्तर देणाऱ्या संगणकाकडून. एआयचं बोलणं गोड आणि ठाम असतं. पण ते बरोबर असतानाही ठाम असतं आणि चुकलेलं असतानाही तितकंच ठाम असतं. गिरणीतल्या खड्याची गोष्ट इथेही लागू आहे.

सोयाबीन पिवळं पडण्याचंच उदाहरण घ्या. फोटोत सगळं पिवळंच दिसतं. पण रानात उतरून बघितलं तर कारणं वेगळी निघतात.

वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, जमीन चुनखडीची असेल किंवा पाणी साचून राहिलं असेल, तर बहुधा लोहाची कमतरता असते.

खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडत असण्याचा संभव असतो. अशा वेळी एक झाड मुळासकट उपटून मुळावरची गाठ फोडून बघावी. आतून गुलाबी असेल तर गाठ जिवंत आहे, काम करते आहे.

पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील आणि अशी झाडं रानात इथे-तिथे दिसत असतील, तर तो पिवळा मोझॅक असू शकतो. हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो. सुरुवातीलाच अशी झाडं उपटून नष्ट करावीत आणि पांढरी माशी आटोक्यात ठेवावी.

लोहाची कमतरता असताना कीटकनाशक मारलं तर पैसे गेले. मोझॅक असताना सूक्ष्म अन्नद्रव्य मारत बसलो तर माशी सगळ्या शिवारात पसरली. म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर एक पाठवू नका. एक पूर्ण झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा, एक मुळांचा आणि एक लांबून पूर्ण रानाचा, असे पाच पाठवा. सोबत पेरणीची तारीख, वाण, जमीन कशी आहे आणि आतापर्यंत कोणती फवारणी केली, हे लिहा.

व्हिडिओ बघताना तीन प्रश्न मनाशी विचारा. हा माणूस काय विकतो आहे? हे रान कोणत्या भागातलं आहे? हा व्हिडिओ कधीचा आहे? दुसऱ्या राज्यातल्या, वेगळ्या मातीतल्या, बारमाही पाण्याच्या शेतीतला प्रयोग आपल्या कोरडवाहू माळावर चालेलच असं नाही. करून बघायचंच असेल तर चार ओळींवर करा, पूर्ण रानावर नको.

खिशावर डोळा ठेवणारे

तिसरा धोका फसवणुकीचा, आणि हा दिवसेंदिवस वाढतो आहे. पूर्वी चोर कुंपणावरून यायचा, आता तो मेसेजमधून येतो. त्याच्या तऱ्हा ओळखून ठेवा.

पहिली तऱ्हा : 'पीएम किसान' किंवा दुसऱ्या योजनेच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असं असतं. त्यावर बोट लावलं, की चोराचं अ‍ॅप आपल्या मोबाइलमध्ये शिरतं आणि आपले संदेश त्याला वाचता येतात. सरकार अशा फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका. त्याचा मोबाइल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

दुसरी तऱ्हा : सौर पंपाच्या योजनेची खोटी संकेतस्थळं. "पंप मंजूर झाला, नोंदणीसाठी एवढे पैसे भरा" असा फोन येतो. कुसुम योजनेच्या नावानं अशी खोटी संकेतस्थळं निघाली आहेत, याबद्दल केंद्र सरकारच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा खात्यानं वेळोवेळी जाहीर सावध केलं आहे. कोणाच्या खासगी खात्यावर पैसे मागितले, की समजावं, दाल में काला आहे. आधी तालुक्याच्या कचेरीत जाऊन खात्री करा.

तिसरी तऱ्हा : "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका." बंधूंनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. ओटीपी, म्हणजे मोबाइलवर येणारा एकवेळचा आकडा, हा तिजोरीच्या किल्लीसारखा. बँकेचा साहेब म्हणून फोन आला तरी तो सांगायचा नाही.

चौथी तऱ्हा अंगठ्याची. गावात आधारवर अंगठा लावून पैसे काढून देणारे लोक आहेत. त्यांतले बहुतेक चांगलं काम करतात आणि त्यांच्यामुळे म्हाताऱ्या माणसांची बँकेची खेप वाचते. पण "अंगठा नीट लागला नाही, परत लावा" असं दोन-तीनदा झालं तर पावती मागा. प्रत्येक अंगठ्याची पावती घ्या, आणि खात्यात किती उरले हे पासबुक भरून महिन्यातून एकदा बघा.

इतकं करूनही फसवणूक झाली तर लाजून घरी बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी हा देशभर एकच क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांचे काय?

चौथा तोटा कोणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून मी बोलतो. सगळी कामं ऑनलाइन झाली, की ज्याच्याकडे मोबाइल नाही, ज्याला वाचता येत नाही, ज्याचं बोट पडद्यावर चालत नाही, तो माणूस दुसऱ्याच्या हातात जातो. पूर्वी तो तलाठ्याच्या दारात उभा असायचा, आता पुतण्याच्या नाहीतर केंद्रचालकाच्या दारात. खेप वाचली, पण मिंधेपण गेलं नाही. बायामाणसांचं तर आणखी अवघड. रान त्यांच्या नावावर, घाम त्यांचा, आणि मोबाइल मात्र घरातल्या पुरुषाच्या खिशात. हप्ता आला की नाही, हेही त्यांना विचारून कळतं.

यावर दोन उपाय सांगतो. पहिला, साधा फोन असला तरी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक लावता येतो. ही सेवा २००४ सालापासून आहे. पैसे लागत नाहीत, सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत मराठीत उत्तर मिळतं. दुसरा, घरातल्या शाळकरी मुलीला किंवा मुलाला हे काम शिकवा, पण आई-आजीला शेजारी बसवून शिकवा. त्यांच्या देखत फॉर्म भरला, त्यांना वाचून दाखवला आणि मगच बटण दाबलं, असा घरात नियम करा. बचत गटाच्या बैठकीत महिन्याला अर्धा तास यासाठी काढला तरी चार महिन्यांत बऱ्याच जणी स्वतः सातबारा काढू लागतील.

आणि शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. शेवटच्या दोन दिवसांत सगळा तालुका एकदमच अर्ज भरायला बसतो, सर्व्हर बंद पडतो, केंद्रावर रांग लागते आणि अशा घाईतच चुका होतात. पेरणी वेळेवर करतो तसा अर्जही वेळेवर करावा. अर्ज भरल्यावर पोचपावती कागदावर छापून घ्यावी. यंत्रातली नोंद दिसेनाशी झाली तर हातात तो कागद असतो.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. नोंदी, भाव, हवामान आणि सरकारी अर्ज यांसाठी इंटरनेट जरूर वापरा. सरकारी संकेतस्थळावरच जा.

२. औषधाची मात्रा संदेशावरून घेऊ नका. डब्यावर वाचा, आणि कृषी सहायकाला (त्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून खात्री करा.

३. फोटो पाठवण्याआधी झाड उपटून स्वतः बघा.

४. 'एपीके' फाइल उघडायची नाही. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगायचा नाही.

५. फसवणूक झाली तर लगेच १९३०.

६. दर हंगामात ई-पीक पाहणी करा आणि वर्षातून एकदा सातबारा काढून नीट वाचा.

७. पोचपावती, पावती, उतारा हे कागदावर छापून एका पिशवीत ठेवा.

८. चुकीचा संदेश आपल्याकडून पुढे गेला असेल तर ज्याला-ज्याला पाठवला, त्याला-त्याला फोन करून सांगा. पुसून टाकणं पुरेसं नाही.

शेवटचा मुद्दा मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिला आहे. त्या घटनेनंतर मी एक शिस्त लावून घेतली. कोणत्याही संदेशात मात्रा आकड्यात लिहितो आणि अक्षरांतही लिहितो: दहा लिटर पाण्याला पंचवीस ग्रॅम. पाठवण्याआधी मोठ्यानं एकदा वाचतो. आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून कधी लिहीत नाही.

त्या मावशी गेल्या हंगामात भेटल्या. आता त्यांच्याकडे मोबाइल आहे, पोरानं घेऊन दिला. सातबारा त्यावर बघतात, पावसाचा अंदाज ऐकतात. पण मिरचीवर काय मारायचं, हे विचारायला आल्या तेव्हा पिशवीतून वही काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "साहेब, हितं कागदावर लिवा. आन् लिवलेलं मला वाचून दावा." मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. मग त्यांनी औषधाचा डबा काढला, भाच्याला पुढे बसवलं आणि डब्यावरचा आकडा माझ्या आकड्याशी जुळवून घेतला.

बंधूंनो आणि भगिनींनो, माझ्यासकट सगळ्यांचा सल्ला असाच ताडून घेत जा. तुमचे प्रश्न पत्रानं कळवत रहा. नमस्कार.

— कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)